हॉब लेनचा गुरुवार

मर्टल क्लगस्टनबाईंना आयुष्यात कुणी कधी भाषण करायला सांगितलं नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. जन्मभर त्यांनी नेदर ऑसबीच्या शाळेत दुपारचं जेवण रांधलं. "पुढे सरक" आणि "गाजर संपव" या दोनच वाक्यांवर त्यांनी गावाच्या तीन पिढ्या वाढवल्या. आजही आमच्या गावातले टक्कल पडलेले बाप्ये मर्टलबाई समोर असल्या की बशीत एक वाटाणा शिल्लक ठेवत नाहीत.

त्यांचा नवरा विल्फ. तो ट्रक चालवायचा. एके सकाळी बूट घालता घालता त्याचं अर्धं अंग जागच्या जागी झोपी गेलं. इस्पितळातून परत आला तो खिडकीपाशी बसला आणि वर्षभर तिथेच बसून राहिला. बोलणं बंद. मर्टलबाई विचारायच्या, "चहा?" तर नुसती मान. "बिस्किट?" तर नुसती मान. ज्या माणसाने ट्रकच्या केबिनमधून निम्म्या इंग्लंडला शिव्या घातल्या, तो आता मानेवर आला होता.

मग कुणाच्या तरी सल्ल्याने बॅटरीवर चालणारी खुर्चीगाडी घरात आली. तीत बसून विल्फ हॉब लेनच्या दुसऱ्या टोकाला, बोल्सच्या क्लबावर जायला लागला. बोल्स म्हणजे बारीक कातरलेल्या हिरवळीवर म्हाताऱ्यांनी जड गोळे घरंगळवायचे आणि गोळा चुकला की हिरवळीला दोष द्यायचा. विल्फ खेळत नाही. तो काठाला गाडी लावून इतरांच्या चुका काढतो. पहिल्याच आठवड्यात त्याने एकाला सांगितलं, "तुझ्यापेक्षा त्या गोळ्याला जास्त अक्कल आहे." हे कानावर आलं तेव्हा मर्टलबाई स्वयंपाकघरात गेल्या, दार लावून घेतलं आणि रडल्या. नवरा परत आला होता.

आता ही हॉब लेन म्हणजे दोन्हीकडच्या दगडी घरांनी मध्ये चेपलेला बोळ आहे. फुटपाथ नाही. घरांना अंगण नाही, गॅरेज नाही. ही घरं बांधली तेव्हा लोकांकडे डुकरं होती, मोटारी नव्हत्या. त्यामुळे मोटारी गल्लीतच एका अंगाला उभ्या असतात. उरलेल्या वाटेतून एक मोटार जाते, आणि समोरून विल्फ आला तर तीही जात नाही. मग दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागते. तो विल्फ नसतो.

गल्ली जिथे संपते तिथे, क्लबाच्या पलीकडे एक कुरण आहे. त्यावर एका बिल्डर कंपनीला नव्वद घरं बांधायची होती. नव्वद घरांच्या दीडशे मोटारी, आणि त्यांना बाहेर पडायला वाट एकच, हॉब लेन. मर्टलबाईंनी नकाशा पाहिला नाही, अहवाल वाचला नाही. त्यांनी फक्त खिडकीपाशी असलेल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

नगर परिषदेने बिल्डरला "नाही" म्हटलं तेव्हा गावाने पबात जाऊन परिषदेच्या नावाने बिअर प्यायली. घाई झाली. आमच्या देशात "नाही" हा शब्द पैसेवाल्यांना पहिल्या खेपेला ऐकूच येत नाही. त्यांच्यासाठी अपिलाची सोय आहे. मग सरकार एक निरीक्षक पाठवतं. तो निरीक्षक गावच्या सभागृहात टेबलामागे बसतो, दोन्ही बाजूंचे साक्षीदार ऐकतो, जागा पाहतो, घरी जातो आणि काही आठवड्यांनी निकाल लिहून पाठवतो. याला जाहीर सुनावणी म्हणतात. जाहीर अशासाठी, की आपला पराभव गावाला खुर्च्या मांडून, समक्ष पाहता यावा.

त्यात सुनावणी तोंडावर आली असताना परिषदेच्या रस्ते खात्याने कळवलं, की बिल्डरच्या तज्ज्ञाचा अहवाल आम्ही पुन्हा वाचला असून आता रस्त्याबाबत आमची हरकत नाही. पहिल्यांदा वाचला होता का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. परिषदेच्या हातात आता "निसर्गसौंदर्य" एवढं एकच शस्त्र उरलं. ते कुरण पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की त्यात सौंदर्यापेक्षा चिखलच जास्त आहे.

म्हणजे रस्त्याची लढाई गावाच्या गळ्यात पडली. हॉब लेन बचाव समितीने अर्ज करून स्वतःला सुनावणीतला मुख्य पक्ष करून घेतलं. असं केलं की तुम्हाला नुसतं रडता येत नाही, समोरच्या साक्षीदारांना प्रश्नही विचारता येतात. प्रश्न विचारायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे लागतात. पण समितीचे अध्यक्ष ऑब्री टिलटसनसाहेब म्हणाले, "वकील कशाला? मी आहे." हे वाक्य ऐकून बिल्डरच्या माणसांनी काय केलं ते माहीत नाही. बहुधा त्यांनीही बिअर प्यायली असावी.

टिलटसनसाहेब विमा कंपनीतून निवृत्त झालेले. "तुमचा दावा बसत नाही" हे त्यांनी पस्तीस वर्षं इतक्या सभ्यपणे सांगितलं, की घर जळालेली माणसंही त्यांचे आभार मानून परत गेली. गावात ज्या ज्या समितीला अध्यक्ष लागतो, तिचे ते अध्यक्ष असतात. त्यातली त्यांची लाडकी समिती 'नीटनेटकं गाव' स्पर्धेची. दर उन्हाळ्यात जिल्ह्याचे परीक्षक गुपचूप गावात येतात, कुंपणं बघतात, फुलं बघतात, बाकांखाली वाकून बघतात. जिंकलेल्या ढाली पबात टांगल्या आहेत आणि त्यांच्यापायी डार्टचे बाण मारायला भिंत उरलेली नाही. गावात कुणी अनोळखी माणूस कागद घेऊन फिरताना दिसला, की आमच्याकडच्या बायका आपोआप उंबऱ्यावरची पानं झाडायला लागतात. ही खोड आता रक्तात गेली आहे. तीच पुढे आम्हाला नडली.

सुनावणीआधी समितीची बैठक झाली. टिलटसनसाहेबांनी कामं वाटली.

"मर्टल, तुम्ही सँडविचचं बघाल ना?"

"बघते. पण विल्फचं कोण बोलणार?"

"विल्फचं काय?"

"तो बोल्सला कसा जाणार, ते."

टिलटसनसाहेबांनी चष्मा काढला. दावा बसत नाही हे सांगताना ते चष्मा काढत. "हे बघा मर्टल, नियोजनाच्या कायद्यात काही गोष्टी विचारात घेतात, काही घेत नाहीत. घराची किंमत घेत नाहीत. खिडकीतला देखावा घेत नाहीत. आणि विल्फ... तसं पाहिलं तर विल्फ हा विचारात घेण्याजोगा मुद्दा नाही."

"मलाही तसंच वाटायचं," मर्टलबाई म्हणाल्या, "पण आता लग्न झालंय."

मंगळवारी सुनावणी सुरू झाली. निरीक्षक म्हणून आल्या मिसेस हॅडो. राखाडी कोट, राखाडी केस, आणि चेहरा असा की त्यावर पाऊस पडला तरी कळू नये. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, की टाळ्या वाजवू नयेत. सभागृह हिरमुसलं. टाळ्यांची तालीम झाली होती.

बिल्डरकडून लंडनचे बॅरिस्टर पेनरोझ-गाइल्स आले होते. तासावर पैसे घेणारा माणूस, त्यामुळे त्यांना कशाचीच घाई नव्हती. आणि इतका गोड माणूस, की त्याने तुमचा खिसा कापला तर तुम्ही विचाराल, सुट्टे हवेत का. आमच्या नव्या वसाहतीतल्या एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की या कुरणाशी त्यांचं भावनिक नातं आहे. पेनरोझ-गाइल्सना गहिवरून आलं.

"किती सुंदर बोललात. आपलं घर केव्हाचं?"

"आठ वर्षं झाली."

"आणि त्याआधी त्या जागेवर काय होतं?"

"कुरण."

"आभारी आहे," असं म्हणून ते खरंच मनापासून आभारी असल्यासारखे खाली बसले.

असे एकेक जण उभे राहिले. एकाने घराच्या किमतीचं सांगितलं, एकाने देखाव्याचं. एकाने आपली कुत्री त्या कुरणावर कशी बागडते ते इतकं रंगवून सांगितलं, की कुत्रीला साक्षीला आणलं असतं तर बरं झालं असतं. मिसेस हॅडो सगळं लिहून घेत होत्या. माणूस औषध घेतो तसं.

मग बिल्डरचा वाहतूकतज्ज्ञ साक्षीला आला. हॉब लेन दीडशे मोटारींना पुरेशी आहे असं त्याचं म्हणणं. याला कात्रीत पकडायचं म्हणून टिलटसनसाहेब उभे राहिले. ढाल मिळाली त्या दिवशीचा कोट अंगात होता.

"आपण हे नाकाराल का," त्यांनी सुरुवात केली, "की ज्या गावाने दोन्ही महायुद्धांत आपले सुपुत्र दिले, ज्या गल्लीतून माझे स्वतःचे आजोबा दुधाची कासंडी घेऊन, बर्फ असो वा ऊन, रोज सकाळी..."

आजोबा चर्चपर्यंत पोचले तेव्हा मिसेस हॅडोंनी पेन खाली ठेवलं. "श्री. टिलटसन, यात प्रश्न कुठे आहे?"

"येतोय, मॅडम."

"मी वाट बघते."

प्रश्न चहाच्या सुट्टीनंतर आला. तो असा होता: "बरोबर ना?" तज्ज्ञ म्हणाला, "नाही." टिलटसनसाहेब विजयी मुद्रेने खाली बसले. मागे सँडविचच्या ताटांपाशी उभ्या असलेल्या मर्टलबाईंनी ताटावर झाकण जरा जोरात ठेवलं.

उठताना मिसेस हॅडोंनी जाहीर केलं, की उद्या दुपारी त्या गल्ली पाहायला येतील. दोन्ही बाजूंनी बरोबर यावं, पण तिथे कुणी त्यांच्याशी वाद घालायचा नाही. जे सांगायचं ते या सभागृहात. "गल्लीत आपण बोट दाखवू शकता. ही भिंत, तो खांब. पण भिंतीबद्दल आपलं मत काय, ते नको."

टिलटसनसाहेबांच्या कानांत यातले दोनच शब्द शिरले: पाहायला येतील.

बुधवारी सकाळी मर्टलबाई सपाता घालून दाराबाहेर आल्या आणि त्यांना क्षणभर वाटलं, की आपण दुसऱ्याच गावात जागे झालो. गल्लीत एक मोटार नव्हती. क्लबाच्या बाजूची हिरवी कुंपणं दोन्ही अंगांनी कातरली होती. दारोदार फुलांच्या टोपल्या टांगल्या होत्या. कुणीतरी चक्क रस्ता धुतला होता. मधोमध टिलटसनसाहेब हातात झाडू घेऊन उभे होते, सेनापती तलवार घेऊन उभा राहावा तसे.

"ऑब्री, मोटारी कुठायत?"

"क्रिकेटच्या मैदानावर! सगळ्या. तुमचीही, किल्ली विल्फने दिली. एकानेही का म्हणून विचारलं नाही."

"मी विचारतेय. का?"

"का काय? निरीक्षक येतायत!"

"आपण त्यांना काय सांगतोय, ऑब्री? गल्लीत जागा नाही म्हणून सांगतोय ना?"

"अर्थात."

"मग ही काय आहे?"

टिलटसनसाहेबांनी गल्लीच्या एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या टोकाकडे. बैलगाड्यांची शर्यत लावता आली असती. "जरा मोकळी वाटते खरी," ते म्हणाले. "पण आपला मुद्दा कागदावर आहे. आणि गाव अस्ताव्यस्त दिसलं तर त्या बाई काय म्हणतील?"

"म्हणतील, गल्लीत जागा नाही!"

"आता परत आणायला वेळ नाही, मर्टल. आणि हो, विल्फला निरोप दिलाय. पाहणी होईपर्यंत घरातच थांब म्हटलं. उगाच वाटेत नको."

मर्टलबाईंनी वळून पाहिलं. विल्फ खिडकीपाशी बसला होता.

दुपारी पाहणी झाली. मिसेस हॅडो, पेनरोझ-गाइल्स, वाहतूकतज्ज्ञ आणि टिलटसनसाहेब असे चौघे शेजारी शेजारी, हात मोकळे सोडून, हॉब लेनमधून चालत गेले. हॉब लेनमधून चार माणसं शेजारी शेजारी चालल्याचं गावाच्या इतिहासात ते पहिलंच उदाहरण असावं. टिलटसनसाहेबांनी नियम पाळून बोट दाखवलं. "फुलांची टोपली."

"दिसली," मिसेस हॅडो म्हणाल्या.

मर्टलबाई आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. मिसेस हॅडोंनी हात वर केला. "बोटाने, बाई."

मर्टलबाईंनी आपल्या घरासमोरच्या धुतलेल्या रस्त्याकडे बोट दाखवलं. त्यांची जुनी निळी मोटार एरवी तिथे उभी असे.

"तिथे काय आहे?"

"काही नाही."

"बरं?"

"तेच तर!"

"मॅडम," पेनरोझ-गाइल्स हळुवारपणे म्हणाले, "हे मत झालं."

गुरुवारी कचऱ्याची गाडी येते. मोटारी मैदानावरून परत आल्या होत्या, शिवाय घरटी दोन असे चाकं लावलेले कमरेएवढे डबे गल्लीत मांडलेले. हे डबे लपवता येत नाहीत. दाराबाहेर नसले तर गाडीवाले हात लावत नाहीत, हा परिषदेचा एकमेव नियम आहे जो पाळला जातो. विल्फ सकाळी निघाला. प्रत्येक अडथळ्यापाशी त्याने गाडी थांबवली, काठी टेकून उतरला, डबा ढकलला, परत बसला, पुढे गेला, परत उतरला. क्लबावर पोचला तेव्हा डाव संपत आला होता आणि त्याच्या टीकेवाचून सगळे चुकीचे खेळले होते.

त्याच वेळी सभागृहात पेनरोझ-गाइल्स सांगत होते, "काल आपण सर्वांनीच ती गल्ली पाहिली. आपण तिथे असताना एक मोटार, एक सायकल आणि एक मांजर त्या गल्लीतून गेले. तिघेही सुखरूप आहेत."

सभागृहातले काही लोक हसले. आमचेच.

शुक्रवारी शेवटचं भाषण मर्टलबाईंचं होतं; गुरुवारी संध्याकाळी त्यांनी स्वतः जाऊन बोलणाऱ्यांत आपलं नाव घातलं होतं. भाषण टिलटसनसाहेबांनी टाइप करून दिलं होतं, आणि त्यात "ग्रामीण अस्मिता" हे शब्द चारदा होते. मर्टलबाई टेबलाशी गेल्या, कागद उलटा ठेवला आणि त्यावर आपली पर्स ठेवली.

"बाई, बुधवारी तुम्ही पाहिली ती हॉब लेन नव्हती."

मिसेस हॅडोंनी मान वर केली. चार दिवसांत पहिल्यांदाच. "मग काय होतं?"

"स्पर्धा होती. आम्ही मोटारी लपवल्या. कुंपणं कातरली. रस्ता धुतला. माझा नवरासुद्धा लपवला."

मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. टिलटसनसाहेबांचा चेहरा पबातल्या जुन्या ढालीच्या रंगाचा झाला.

"त्याला अर्धांगवायू आहे," मर्टलबाई म्हणाल्या. "तो वर्षभर बोलत नव्हता. आता रोज गाडीवरून त्या गल्लीतून क्लबावर जातो आणि लोकांना शिव्या देतो. दीडशे मोटारी आल्या की तो जाऊ शकणार नाही. मग तो परत खिडकीपाशी बसेल. मला एवढंच सांगायचं होतं. मला सांगितलं होतं की विल्फ विचारात घेत नाहीत. नका घेऊ. पण सांगितल्याशिवाय मी घरी जाणार नव्हते."

पेनरोझ-गाइल्स उठले. आता त्यांच्या आवाजात साखर जरा कमी होती. "मिसेस क्लगस्टन, म्हणजे आपल्याच समितीने निरीक्षकांची दिशाभूल केली, असं आपलं म्हणणं आहे?"

"छे हो. दिशाभूल करायला अक्कल लागते."

या वेळी सगळे हसले. टाळ्यांना बंदी होती, हसण्याला नव्हती.

"मग काय केलं?"

"पाहुणचार केला. आमची जातच तशी. कुणी घर पाडायला आलं तरी आम्ही आधी पायपुसणं झटकू."

"मग आपल्या गल्लीवर आम्ही नेमका कोणत्या दिवशी विश्वास ठेवायचा?"

"गुरुवारी या," मर्टलबाई म्हणाल्या. "गुरुवारी कचऱ्याची गाडी असते. त्या दिवशी आमच्या गावाला खोटं बोलता येत नाही."

मिसेस हॅडो बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "सार्वजनिक रस्त्यावर मी एकटी, केव्हाही येऊ शकते. केव्हा, ते मी सांगत नसते." आणि सुनावणी संपली.

आता गावाने मर्टलबाईंना खांद्यावर घ्यायला हवं होतं. गावाने त्यांना वाळीत टाकलं. नव्वद घरं आम्ही एकवेळ सोसली असती, पण मर्टलने सरकारी माणसासमोर सांगितलं की एरवी आमच्या गल्लीत पसारा असतो! बेकरीत बायका त्यांना नुसतंच "हवा बरी आहे" म्हणू लागल्या. शेवटी "मर्टल" नाही. याहून कडक बहिष्कार आमच्या गावाला माहीत नाही. एक दिवस त्यांच्या निळ्या मोटारीच्या काचेवर चिठ्ठी मिळाली: "आपली मोटार अजून इथेच आहे, हे आपल्या लक्षात आलंच असेल." खाली सही नव्हती, पण अक्षर वळणदार होतं आणि वाक्य विमा कंपनीचं होतं.

कारण मोटारी पुन्हा मैदानावर गेल्या होत्या. निरीक्षक केव्हा येतील हे माहीत नाही म्हटल्यावर गाव रोजच नटू लागलं. टिलटसनसाहेबांनी गुरुवारवरही उपाय काढला: कचरागाडी पुलावर दिसेपर्यंत डबे घरात ठेवायचे. पुलावर एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर दुर्बीण घेऊन बसवला. त्याने हात हलवला की सगळी हॉब लेन अंगात ड्रेसिंग गाऊन घालून, डबे ढकलत दारात येई. गाडी गेली की डबे आत. डबे साबणाने धुतलेले. ज्या गल्लीत जागा नाही हे सिद्ध करायचं होतं, ती मोकळी ठेवण्यासाठी एवढी मेहनत! बिल्डरने पगार देऊन माणसं ठेवली असती तरी इतकं नेटकं काम झालं नसतं.

मर्टलबाईंनी तेवढे दोनच गुन्हे चालू ठेवले. निळी मोटार जागेवर, आणि दोन डबे बुधवारी संध्याकाळपासून दाराबाहेर.

दुसऱ्या गुरुवारी पोस्टमास्तरला सर्दी झाली. तिसऱ्या गुरुवारी लोकांनी गाऊन घालून बाहेर येण्याऐवजी नुसते पडदे सरकवून बघितलं. चौथ्या आठवड्यात मैदानावर क्रिकेटचा सामना आला, आणि क्रिकेटपुढे समिती काय नि सरकार काय. मोटारी गल्लीत परतल्या. पाचव्या गुरुवारी पाऊस होता, डबे आदल्या दिवशीपासून बाहेर होते, कुंपणं वाढून रस्त्यावर आली होती, आणि हॉब लेन पूर्वीसारखी हॉब लेन झाली होती.

त्या दिवशी विल्फ क्लबावरून परत आला तो गुरगुरतच.

"काय एकेक बाई असते! छत्री घेऊन उभी होती गल्लीत. म्हटलं, बाई, हात रिकामाय का? तो डबा जरा सरकव. सरकवला. म्हटलं, पुढचाही सरकव. तोही सरकवला. चार डबे सरकवले, पण तोंडातून शब्द नाही! आभार मानले तर नुसती मान हलवली. म्हटलं, तुला पण अर्धांगवायू आहे की काय?"

मर्टलबाई बटाटे सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "कोट कसला होता तिचा?"

"मला काय ठाऊक? राखाडी."

मर्टलबाईंनी सोलणं पुन्हा सुरू केलं. बटाटा मात्र गरजेपेक्षा जास्त सोलला गेला.

मिसेस हॅडोंचं आयुष्य गावं बघण्यात गेलं असावं. गावाचा नीटनेटकेपणा किती आठवडे टिकतो, याचा हिशोब त्यांनी आम्हाला पाहिल्या क्षणीच केला असणार.

निकाल आला. तो टिलटसनसाहेबांनी पबात, ढालींखाली उभं राहून वाचला. अपील फेटाळलं होतं. निसर्गसौंदर्याबाबत मिसेस हॅडोंनी लिहिलं होतं, की कुरणाला फारसं काही बिघडण्याजोगं नाही. घरांच्या किमती, देखावे आणि कुत्री यांची त्यांनी एका ओळीत बोळवण केली होती. पुढे मात्र होतं: "एका गुरुवारी सकाळी मी एकटीने गल्ली पाहिली. बॅटरीच्या खुर्चीगाडीतून जाणाऱ्या एका रहिवाशाला वारंवार थांबावं लागत होतं. त्यांनी जवळ उभ्या असलेल्या व्यक्तीची मदत मागितली व ती देण्यात आली. या वाटेवर आणखी दीडशे मोटारी आल्यास अशा रहिवाशांना ती सुरक्षित राहणार नाही. या एकाच कारणासाठी अपील नामंजूर करणं मला पुरेसं वाटतं."

टिलटसनसाहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि चष्मा काढला. मग भाषण केलं. हा विजय समितीच्या अभ्यासपूर्ण उलटतपासणीचा आहे असं सांगितलं. पोस्टमास्तरच्या दुर्बिणीचा उल्लेख केला. आजोबांचाही केला. शेवटी म्हणाले, "आणि हो, मर्टलच्या सँडविचला विसरून चालणार नाही." टाळ्या झाल्या. इथे बंदी नव्हती.

मर्टलबाई तिथे नव्हत्याच. त्या घरी विल्फला निकाल वाचून दाखवत होत्या.

"म्हणजे ती बाई ती होती?" विल्फ म्हणाला.

"ती होती."

"आणि एक रहिवासी म्हणजे मी?"

"म्हणजे तूच. विचारात घेतला तुला."

विल्फने थोडा विचार केला. "मग निदान डबे तरी नीट ठेवायचे होते. नऊ नंबरचा डबा अकराच्या दारात ठेवून गेली. आठवडाभर भांडणं चालली होती. सरकारी माणसाला काही एक काम धड येत नाही."

"हो रे बाबा."

"सांगितलं पाहिजे कुणीतरी तिला."

"तूच सांग पुढच्या खेपेला," मर्टलबाई म्हणाल्या. "आता निघ. उशीर झाला."

तो निघाला. गुरुवार होता. थोड्याच वेळात गल्लीतून त्याचा आवाज येऊ लागला. तो कुणाला तरी मोटार मागे घे म्हणून सांगत होता आणि त्या माणसाचे वाडवडील गाडी हाकायला कुठे शिकले असतील याबद्दल आपलं मत देत होता. मर्टलबाईंनी धुतलेले टॉवेल आणले, घड्या घातल्या आणि खिडकीपाशी असलेल्या रिकाम्या खुर्चीवर रचून ठेवले.